गच्चीवरून खाली येईपर्यंत

ग्रोज्दामावशीला घरात एकटं सोडायचं नाही, हे त्या चार मजली इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. शहाऐंशीची बाई. हातपाय धडधाकट, भूक चांगली, पण डोक्यातल्या वाटा पुसल्या गेलेल्या. दिवस कलला की ती चपला शोधू लागे. "निघते मी आता. घरी वाट बघत असतील." मुलगी पाव्लिना म्हणे, "आई, अगं हेच घर," तर म्हातारी तिच्याकडे एखाद्या आगाऊ दुकानदारणीकडे बघावं तशी बघे. उन्हाळ्यात ती दोनदा खरोखरच निघून गेली होती. दुसऱ्यांदा बसथांब्यावर सापडली, काखेत उशी घेऊन. त्यानंतर पाव्लिनाच्या नवऱ्यानं, मेतोदीनं, दाराला आतून अगदी वरच्या टोकाला एक कडी ठोकली. म्हातारीचा हात तिथवर पोचत नसे. तसा पाव्लिनाचाही पोचत नसे. बाकीच्यांना स्टूल घ्यावं लागे, उंच मेतोदीला तेवढं लागत नसे.

दोन्का वरच्या मजल्यावर राहायची. तिनं आणि पाव्लिनानं शिवणाच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर घालवली होती. कारखाना बंद पडला, दोन्काचा नवरा गेला, मुलगी रालित्सा इटलीला हॉटेलात कामाला गेली नि तिथल्या स्तेफानोबरोबर राहू लागली, तरी दोघींची सकाळची कॉफी चुकली नाही. म्हणून त्या शनिवारी, शेजारच्या गावात भाचीचा साखरपुडा आहे म्हटल्यावर, पाव्लिनानं दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही.

"बसशील ना गं आईपाशी? रात्रीच्या आत येतो आम्ही."

"जा गं बाई. किती महिन्यांत उंबरा ओलांडला नाहीस. आणि तो लाल ड्रेस घाल, कपाटाला नेसवून ठेवलाय तो."

सप्टेंबर संपत आला होता. गावभर लाल मिरच्या भाजल्याचा वास होता; ज्याच्या त्याच्या अंगणात, बाल्कनीत, शेगड्या पेटलेल्या. मेतोदीनं आपल्या मळ्यातल्या मिरच्यांची दोन पोती दुपारीच वर आणून टाकली होती आणि आता तो आरशासमोर टायशी झोंबत होता.

"कसा दिसतो, ताई?" त्यानं दोन्काला विचारलं.

"बाजारात पाय बांधून आणलेल्या कोंबड्यासारखा."

"बघ, बघ पाव्लिना, लोकांना माझी कदर नाही."

दोघं गेली. लगेच मेतोदी धापा टाकत परत आला. व्याह्यांसाठी काढून ठेवलेली घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली विसरला होता. ती काखोटीला मारून तो पुन्हा पळाला, दार सताड उघडं टाकून. त्याची ती सवयच होती. पाव्लिना म्हणायची, या माणसाच्या मागून दारं लावण्यात माझा जन्म गेला. दोन्कानं दार लोटलं, स्टूल ओढलं, वर चढून कडी घातली. ग्रोज्दामावशी खुर्चीत बसून टीव्हीवरच्या गाण्याला मान डोलवत होती.

दोन्कानं तिला दुधात पाव कुस्करून दिला. तोंड पुसलं. अंधारून आलं तशी म्हातारी चपला शोधायच्या बेताला आली, पण दोन्कानं तिचे पाय चोळून दिले, गुडघ्यांवर शाल घातली, आणि थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. तोंड उघडं, बारीक घोरणं.

तेवढ्यात फोन वाजला. रालित्साचा.

"आई, कुठंयस? येतंय बरं का. आज अगदी डोक्यावरून जाणारंय."

ही त्या मायलेकींची गंमत होती. वर्षभरापूर्वी रालित्साला कुणीतरी दाखवलं होतं, की ते अंतराळ स्थानक, ज्यात माणसं राहतात, ते संध्याकाळी डोळ्यांनी नुसतं दिसतं. कधी, कुठून, ते फोनवर आधी कळतं. तिच्या लक्षात आलं, की ती तिकडे इटलीत बघते तेव्हा इकडे डॅन्यूब नदीच्या काठी आईलाही तेच, त्याच मिनिटाला दिसतं. तेव्हापासून जेव्हा जेव्हा ते संध्याकाळचं जायचं, तेव्हा दोघी फोन कानाला लावून दोन देशांतल्या दोन गच्च्यांवर उभ्या राहायच्या. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे जेवलीस का, थंडी आहे का. त्या चार-पाच मिनिटांत मात्र त्या एका गोष्टीकडे बघत असायच्या. दोन्काला ते फार होतं.

"आज नाही गं जमायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "ग्रोज्दामावशीपाशी बसलेय."

"मग बाल्कनीतून बघ."

"बाल्कनीपुढं अक्रोडाचं झाड नाही का."

"हं." रालित्सा म्हणाली. "ठीक आहे. राहू दे मग."

त्या 'राहू दे'मध्ये काहीतरी होतं. दोन्कानं म्हातारीकडे बघितलं. गाढ झोपलेली. गच्ची म्हणजे काय, तीन जिने. आलेच पाच मिनिटांत.

"थांब, जाते वर."

स्टूलवर चढून तिनं कडी काढली. बाहेरून दार बंद करायची किल्ली दाराशेजारी खिळ्याला होती. ती तिला दिसली. पुढं कित्येक दिवस तिला हेच आठवत राहिलं, की किल्ली दिसली होती. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातानं जिन्याचा दिवा लावायचा होता. तिनं दार नुसतं ओढून घेतलं आणि ती वर गेली.

गच्चीवर डांबराचा दिवसभराचा उबारा होता. पश्चिमेला गोदामांच्या मागे आभाळ अजून पिवळट होतं.

"आलं!" रालित्सा ओरडली. "आई, माझ्या डोक्यावर आहे आत्ता!"

आणि दोन्कालाही दिसलं. गोदामांच्या वर एक ठिपका. आधी वाटावं, विमान. पण लुकलुकत नाही, आवाज नाही. ठिपका वर चढत चढत मोठा होत गेला, सगळ्या ताऱ्यांहून तेजस्वी झाला, आणि कुणी दोरीनं ओढावं तसा संथ, न अडखळता तिच्या माथ्यावर आला. मान मागे टाकून टाकून तिला घेरी आली, म्हणून तिनं धुराड्याच्या कठड्याला धरलं.

"दिसलं?"

"दिसलं गं. केवढं मोठं आज!"

"आत कुणीतरी जेवत असेल आत्ता."

"जेवत असेल तर बरंय. तू जेवलीस?"

नदीपलीकडे, रुमानियाच्या बाजूला पोचेपर्यंत ते लालसर झालं, मंद झालं, आणि एकाएकी मधल्या आकाशातच विझलं. दोन्का दरवेळी म्हणायची तसं "गेलं बिचारं" म्हणाली आणि वळली. तर फोनमधून हुंदका.

"रालित्सा?"

"आई, ठेवू नकोस फोन."

"काय झालं?"

"स्तेफानो मला सोडून गेला, आई. जूनमध्येच गेला. मी तुला सांगत होते ना, तो कामावर आहे, तो झोपलाय... तो नाहीच इथं."

दोन्का कठड्यावर बसली. जूनपासून ही पोर एकटी. जूनपासून रोज खोटं. ती बोलत गेली: भाड्याचं घर परवडत नाही, ओट्याशी उभ्याउभ्याच जेवते, टेबलाशी एकटीला बसवत नाही. लहानपणापासून ही मुलगी मनातलं कधी बोलायची नाही. दात दुखला तरी सांगायची नाही. ती आज बोलत होती. दोन्का मधून मधून नुसतं "हं" म्हणत होती, कारण मोठ्यानं काही बोललं तर हे थांबेल अशी तिला भीती वाटत होती. खालची म्हातारी तिच्या मनात आली नाही असं नाही. एकदा आली. दोन्कानं ती बाजूला सारली.

खाली आली तेव्हा पाव्लिनाचं दार अर्धवट उघडं होतं. टीव्ही चालू होता. शाल जमिनीवर पडली होती आणि खुर्ची रिकामी होती.

आधी तिनं बाथरूम बघितलं, मग पलंगाखाली. मग जिन्यात हाका मारल्या, मग अंगणात. इमारतीमागं म्हातारा त्सान्को मिरच्या भाजत बसला होता.

"ग्रोज्दामावशी दिसली का हो?"

"इकडं नाही आली. का? निसटली?" तिच्या तोंडाकडे बघून तो उठला. "तू शोध. पाव्लिनाला मी कळवतो."

दोन्का बसथांब्यावर धावली. नाही. चर्चच्या पायऱ्यांवर नाही. मग रस्त्याच्या मध्यावर ती थांबली आणि विचार करू लागली. घरी, घरी म्हणते, ते घर कुठलं? ग्रोज्दाचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला. लग्न होऊन ती या गावात बोटीनं आली होती, हे पाव्लिनानं शंभरदा सांगितलं होतं. जुन्या धक्क्यावर आता बोट लागत नाही, पण पायऱ्या आहेत.

पायऱ्यांच्या तळाशी, चिखलात, ती बसली होती. पातळ झगा, एका पायात पाव्लिनाची चप्पल, एक पाय भलत्याच कोनात वळलेला. ओरडत नव्हती. दोन्कानं आपलं जाकीट तिच्या खांद्यावर घातलं तेव्हा तिनं वर बघितलं आणि शांतपणे सांगितलं,

"बोट चुकली, पोरी."

दोन्कानं फोन केले. रुग्णवाहिका आली, तिच्या पाठोपाठ पाव्लिना आणि मेतोदी. लाल ड्रेस, उंच टाचा. पाव्लिना पायऱ्या उतरताना दोनदा घसरली. आईला उचलून आत ठेवल्यावर ती दोन्काकडे वळली, तिचा चिखलानं भरलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला.

"तू नसतीस तर रात्रभर इथंच राहिली असती ती. तुला सुचलं धक्क्याचं. मलाही सुचलं नसतं."

"पाव्लिना..."

"पण बाहेर कशी पडली गं? कडी होती ना?"

दोन्कानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, खरंच होते. तेवढ्यात मेतोदी बोलला. तो दिव्याच्या खांबाला धरून उभा होता, टाय पाठीवर गेलेला.

"मी," तो म्हणाला. "बाटली न्यायला आलो होतो. दार... मी दार लावलं नाही. मला आठवतंच नाही लावल्याचं."

पाव्लिनानं त्याच्याकडे बघितलं. ती रुग्णवाहिकेत चढली. दोन्काचं तोंड तसंच उघडं होतं. मग तिनं ते मिटलं. गाडीचं दार लागलं. एवढंच घडलं.

*

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी खिळा घातला, पण सांगितलं, या वयात पुन्हा उभं राहणं कठीण. दहा-बारा दिवसांनी म्हातारीला घरी आणली ती झोळीतून. आता चपला शोधायचा प्रश्न उरला नाही.

पाव्लिना नवऱ्याशी बोलायची बंद झाली. भांडली असती तर बरं होतं. दोन्काला खालच्या घरातली शांतता वरपर्यंत ऐकू यायची. मेतोदी काही दिवस स्वयंपाकघरात गादी टाकून झोपला, आणि एका सकाळी सायकलला पिशवी अडकवून मळ्यावरच्या खोपटात राहायला गेला. शेजारणी जिन्यात म्हणायच्या, "बेवड्यानं म्हातारीला जवळजवळ मारलीच की." आणि दोन्का दिसली की, "तू होतीस म्हणून बरं." पाव्लिनानं त्या वर्षीच्या ल्युतेनित्साची, भाजक्या मिरच्यांच्या चटणीची, पहिली बरणी वर आणून दिली. आईच्या आजारपणातून वेळ काढून, मेतोदीच्या मिरच्यांची. दोन्कानं ती कपाटात अगदी मागं ठेवली. कपाट उघडायची वेळ आली की ती दुसरीकडे बघायची.

ती स्वतःला समजावून बघायची. म्हातारी कधी ना कधी पडणारच होती. मेतोदी दार उघडं टाकतोच. त्या दिवशी टाकलंच होतं. जर मी कडी घातली नसती तर ती तेव्हाच गेली असती. हे सगळं खरं होतं आणि त्यानं काही होत नव्हतं. सगळ्यात वाईट वेगळंच. हातातला फोन तिनं ठेवून दिला असता तर, असं मनाशी म्हणायला जावं, आणि ते म्हणवत नसे. त्या रात्री पोरीचा फोन ठेवला असता तर ती पुन्हा कधी बोलली असती? म्हणजे पुन्हा वेळ आली तरी मी तिथंच बसेन की काय? या विचारानं ती अंथरुणातून उठून बसायची.

अपघातानंतर तिसऱ्या संध्याकाळी रालित्साचा फोन आला होता.

"आई, चल वर. आज उत्तरेकडून जाणारंय."

"ढग आहेत इथं," दोन्का म्हणाली.

"ढग? फोनवर तर दाखवतंय, तुमच्याकडं एकदम मोकळं आहे."

"तुझ्या फोनला माझ्या खिडकीतून दिसतं का? ढग आहेत म्हणजे आहेत."

"आई, मी त्या दिवशी एवढं सांगितलं म्हणून रागावलीस का?"

"नाही गं. कशाला रागवू? मला कचरा टाकायला जायचंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि मग खरंच कचऱ्याची पिशवी उचलून ती खाली गेली. अंगणात त्सान्को उभा, मान वर करून.

"अगं दोन्का, ते बघ, तुझं स्टेशन चाललंय! कुठं बघतेस? वर, वर!"

तिनं पिशवी टाकली, झाकण लावलं, आणि डोळे पायांवर ठेवून ती परत जिन्यात शिरली. मागून त्सान्को म्हणत होता, "आज पहिल्यांदा मला आपणहून दिसलं, आणि ही बाई बघतसुद्धा नाही."

*

तीन आठवडे तिनं काढले. मग बाजारात तिला मेतोदी दिसला. पावट्याच्या पोत्याशी उभा होता, दाढी वाढलेली, कपडे लोंबणारे. तिला बघून त्यानं टोपी काढली. गुन्हेगार काढतो तशी. ती नजर तिला घरापर्यंत सोसवली नाही. अर्ध्या वाटेतूनच ती वळली आणि मळ्याच्या रस्त्याला लागली.

तो खोपटासमोर वाळलेली मिरचीची झाडं उपटत होता.

"ये ताई. बस. कॉफी टाकू?"

"नको. मेतोदी, दार तू उघडं नव्हतं टाकलं."

"ताई—"

"म्हणजे टाकलंस. पण तू गेल्यावर मी लावलं. कडी घातली. मग नंतर मीच काढली, आणि गच्चीवर गेले. मावशी तेव्हा गेली."

मेतोदीनं हातातलं झाड झटकलं, मुळांची माती पडू दिली, आणि कीव यावी तसं हसला.

"पाव्लिनानं पाठवलं का तुला?"

"पाव्लिनाला माहीत नाही."

"मग तू आपली चांगुलपणानं सांगतेस. अगं, मला माझी खोड ठाऊक नाही का? कशाला उगाच माझा भार स्वतःवर घेतेस? तू तर तिला शोधून आणलीस."

दोन्काला हे सुचलंच नव्हतं, की तो विश्वास ठेवणार नाही. क्षणभर तिला मोहही पडला. सांगून तर झालं. तो मानत नसेल तर मी काय करू? तशीच उठून जावं. मग ती म्हणाली,

"कडी घालायला मी स्टूल ओढलं, तेव्हा मावशी म्हणाली, 'पडशील, माकडे.' काढायला चढले तेव्हा ती झोपली होती. किल्ली खिळ्याला होती. मला दिसली, मी घेतली नाही. रालित्साचा फोन होता. ते स्टेशन बघायला गेले, आणि मग बोलत बसले. पाच मिनिटं नाही. पुष्कळ वेळ. तू दार लावलंस की नाही, याचा काही संबंधच नाही."

तो उभा राहिला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"तू धक्क्यावर होतीस," तो म्हणाला. "मी तुझ्यासमोर बोललो."

"हो."

"आणि तू गप्प राहिलीस."

"हो."

"तीन आठवडे!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या मळ्यातल्या बाईनं डोकं वर काढलं. मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, तुला माहितीय का, मी इथं बसून काय विचार करत होतो? म्हातारीनं मला दमवलं होतं. रात्री-अपरात्री उठून बसायची. मी मनात म्हणायचो, सुटेल एकदाची. मला वाटलं, म्हणूनच दार उघडं टाकलं. विसरून नाही. माझ्या मनानंच टाकलं. दारू सोडली मी. म्हटलं, हा हात माझ्या ताब्यात नाही. बायको तोंड फिरवते ते बरोबरच आहे म्हटलं."

हे दोन्काच्या हिशेबात कुठंच नव्हतं. त्याची बायको त्याच्यावर रागावली एवढंच तिला दिसलं होतं. तो स्वतःला काय समजू लागला असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"माफ कर," ती शेवटी म्हणाली.

मेतोदी उलट्या बादलीवर बसला.

"दिसतं तरी कसं ते?" त्यानं विचारलं.

"काय?"

"ते. ज्याच्यासाठी गेलीस."

तिला सांगवेना. पण तो थांबला होता. "ताऱ्यासारखं," ती म्हणाली. "मोठ्या. चालतं. आवाज नाही त्याला. आणि मग विझतं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं मान हलवली. "जा. पाव्लिनाला सांग. मी सांगणार नाही, आणि तुझ्याबरोबर येणारही नाही. तूच सांगायचं."

*

पाव्लिना आईला दही भरवत होती. पलंग आता बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली आणला होता. दोन्कानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाव्लिनाचा चमचा थांबला नाही. भरवायची, हनुवटी पुसायची, भरवायची. वाटी संपली तेव्हा तिनं विचारलं,

"किती वेळ होतीस वर?"

"मोजला नाही. रालित्सा रडत होती."

"माझी आईपण रडली असेल."

दोन्कानं रिकामी वाटी घ्यायला हात पुढं केला, पाव्लिनानं ती दिली नाही.

"मी तुझा हात डोळ्यांना लावला," पाव्लिना म्हणाली. "बरणी दिली तुला. नवऱ्याला कुत्र्यासारखं हाकललं, आणि वर येऊन तुझ्यापाशीच बसून त्याला शिव्या दिल्या. तू मला साखर दिलीस कॉफीत."

"हो."

"'हो' काय म्हणतेस नुसतं? काहीतरी म्हण ना! खोटं तरी बोल!"

म्हातारी त्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. पाव्लिनानं वाटी खाली ठेवली. "जा वर," ती म्हणाली. "माझ्या दाराशी येऊ नकोस."

त्याच संध्याकाळी मेतोदीची सायकल पुन्हा जिन्याखाली दिसली. इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त जिन्यातली बोलणी ती आली की थांबू लागली. त्सान्को तेवढा एकदा म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस. उशीर केलास."

रालित्साला तिनं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण जे अख्ख्या इमारतीला माहीत ते इटलीला पोचायला किती वेळ? कुणाकडून कळण्यापेक्षा म्हणून तिनं रविवारी स्वतःच सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळं," रालित्सा म्हणाली.

"नाही. ऐक. तू बोललीस, मी ऐकलं. ते मला पुन्हा मिळालं तरी मी ऐकेन. दार मी नुसतं ओढलं. ती वेगळी गोष्ट. ती माझी. त्यात तुझं काही नाही, कळलं का?"

"कळलं." मग थोड्या वेळानं, "पाव्लिनामावशी बोलते का तुझ्याशी?"

"नाही."

"आता काय करणार तू?"

"काय करणार. राहते वर."

ती रोज सकाळी बाजारातून दुधाची बाटली आणून पाव्लिनाच्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवायची. संध्याकाळी तीच पिशवी, तीच बाटली, तिच्या स्वतःच्या मुठीला अडकवलेली असायची. आठवडाभर असं चाललं. मग तिनं ते बंद केलं. आपल्याला बरं वाटावं म्हणून त्या बाईला रोज जिना चढायला लावतोय, हे तिच्या ध्यानात आलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. जिन्यात समोरासमोर आल्या तर पाव्लिना भिंतीकडे सरकून वाट द्यायची, ओळख नसलेल्या माणसाला देतो तशी.

डिसेंबरात एका दुपारी बर्फाळ पाऊस पडत होता. दोन्का वाटाणे निवडत बसली होती. खालून कुणीतरी गरम पाण्याच्या नळाच्या पाइपवर चमच्यानं ठोकत होतं. तिला वाटलं, कुणाचा तरी हीटर बिघडला. ठोकणं थांबलं, आणि मग जिन्यातून आवाज आला. दोन महिन्यांत तो आवाज तिचं नाव घेऊन आला नव्हता.

"दोन्का!"

ती तशीच, हातात वाटाणे घेऊन धावली. पाव्लिना दारात वाकून उभी होती, एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक.

"कंबर धरली माझी. ती अर्धी पलंगाबाहेर आलीय. मेतोदी कामावर. बाकी कुणी घरात नाही."

म्हणजे बाकीची दारं आधी ठोकून झाली होती. दोन्कानं वाटाणे एप्रनच्या खिशात ओतले आणि ती आत गेली.

ग्रोज्दामावशी पलंगाच्या कडेला आडवी लोंबत होती, चादर ओली. आता तिच्यात वजन असं उरलंच नव्हतं, पण सैल माणूस उचलायला जड असतं. "तू खांदे धर, मी पाय," पाव्लिना म्हणाली. "तीन म्हटल्यावर." दोघींनी तिला वर घेतलं. मग कुशीवर वळवलं, ओली चादर गुंडाळत आणली, कोरडी तिच्या मागून सोडत नेली. पाव्लिनानं बोट दाखवायच्या आत दोन्का पुढची गोष्ट करत होती. कारखान्यात दोघींनी एकच कापड कित्येकदा असंच दोन्ही बाजूंनी धरलं होतं. म्हातारीच्या पाठीवर लाल चट्टा उठला होता. पाव्लिनानं त्यावर मलम लावलं. म्हातारीनं डोळे उघडून दोन्काच्या तोंडाकडे बघितलं.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"वरची," पाव्लिना म्हणाली.

काम झाल्यावर पाव्लिना हळूच खुर्चीत टेकली. दोन्कानं ओली चादर बादलीत टाकली आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. बसायला कुणी सांगितलं नाही.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," पाव्लिना भिंतीकडे बघत म्हणाली.

"नाही समजत."

"कधी करीन असंही सांगत नाही."

"बरं."

पाव्लिनानं कंबर चोळली. बाहेर पाऊस खिडकीवर तडतडत होता.

"डॉक्टरीण म्हणाली, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. नाहीतर तो चट्टा फुटेल. मला आता दोन-चार दिवस वाकता यायचं नाही."

"केव्हा येऊ?"

"अंधार पडताना ये. मेतोदीला उशीर होतो हल्ली." आणि दोन्का बाहेर पडत असताना ती पाठीमागून म्हणाली, "आणि वाटाणे सांडतायत तुझे. जिनाभर करू नकोस."

दोन्कानं वाकून ते एकेक वेचले, आणि वर जाऊन अंधार पडायची वाट बघत बसली.